प्रयोगशाळेत श्रावणीला माझी हाक ऐकू आली नाही

शिक्षक मित्रांनो, तुम्हाला एक विचारायचंय.

तासगावजवळच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या श्रावणीला फार कमी ऐकू येतं, ती ओठ वाचते. आज ती परीक्षानळी घ्यायला वळली आणि तिची ओढणी पेटत्या स्पिरिटच्या दिव्यावर आली. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. ती पाठमोरी होती. शेजारच्या पोरीनं ओढलं म्हणून वाचली, फक्त ओढणीचं टोक जळलं.

"ओढणी बांधायला सांगितली होती ना गं?"

"बाई, तवा तुमी फळ्याकडं तोंड करून बोलत हुता."

जूनपासून अजून काय काय तिच्यापर्यंत पोचलंच नसेल?

उद्या पुन्हा प्रयोग आहे. सूचना लिहून देणार आहे, तरी भीती जात नाही. धोक्याच्या क्षणी अशा मुलांना तुम्ही कसं सावध करता?