चुन्याचं बोट

तंबाखू मळून झाली, की मामा बोटावर उरलेला चुना पुसत नसत. वाफेचा पाइप जिथं गळत असेल तिथं तो लावत आणि म्हणत, "हितनं चाललीय बगा."

आमच्या कागद कारखान्यात दोन बॉयलर होते. मामा ठेकेदाराकडून जुन्या, लहान बॉयलरवर कोळसा टाकायला होते. मूळचे पाथर्डीकडचे. मी कोळशाच्या आणि वाफेच्या नोंदी ठेवायचो, म्हणून त्यांचा भाऊसाहेब. सगळ्या मशिनी धडधडत असताना मामा चालता चालता थांबत, मान तिरकी करत, आणि बोट बरोबर गळतीवर जाई. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं कुणी ऐकत नाही. फिटर चिडवायचे, "मामा, कारखान्याला किती चुना लावाल?"

मामा हसत. मग मला हळूच म्हणत, "भाऊसाहेब, वाफ म्हंजी दूध हाय. उतू चाललं तर घरात कुनीबी धावतं. हितं न्हाई."

मग सरकारनं आमच्यासारख्या कारखान्यांना कार्बनची मर्यादा घातली. टनभर कागदामागे ठरल्यापेक्षा कमी कार्बन हवेत सोडला, तर प्रमाणपत्रं मिळणार, ती विकता येणार. जास्त सोडला, तर दुसऱ्यांकडून विकत घ्यावी लागणार. वाफ गळायची थांबली, की कोळसा कमी जळणार आणि कार्बनही कमी सुटणार. इतकी वर्षं बहिरे असलेल्या आमच्या साहेबांना आठवड्यात सगळं ऐकू येऊ लागलं. पुण्याहून माणसं उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन आली. कॅमेरा जिथं गळती दाखवी, तिथं चुना आधीच वाळलेला. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "आमच्याआधी कोण तपासून गेलं?" मला फार अभिमान वाटला.

साहेबांनी मामांना उरलेल्या सगळ्या जागा दाखवायला सांगितलं. पण नोंदी माझ्यासमोर होत्या. गळती पूर्ण थांबली, तर मोठ्या बॉयलरची वाफ पुरणार होती. मग जुना बॉयलर बंद, आणि मामा घरी. घरी तरी कसले? ऊसतोड सोडून ते इथं आले होते. आता या वयात मामींना घेऊन पुन्हा कोयता हातात घ्यायचा.

मी त्यांना गाठलं. "दोन-चार जागा राहू द्या, मामा. कुणाला कळणार नाही."

ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "मला ऐकू यील की, भाऊसाहेब."

तीन दिवसांत त्यांनी सगळं दाखवलं.

पाइप दुरुस्त झाले, त्यांच्यावर नवं आवरण चढलं, चुना त्याखाली झाकला गेला. जुना बॉयलर थंड झाला. कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसेनाशी झाली, हे मी नाकारणार नाही. प्रमाणपत्रं मिळाली तेव्हा साहेबांना हार घातला गेला. मामांचं नाव कुणी घेतलं नाही. मीही नुसत्या टाळ्या वाजवल्या, त्याची लाज अजून जात नाही.

दसरा झाल्यावर मामा-मामी टोळीबरोबर गेले. एकदा उसाच्या फडातून फोन आला. मामांना धाप लागली होती.

"कोळसा वाचतोय का?"

"पुष्कळ, मामा."

"मंग बरं झालं. आन नवी गळती? कोन ऐकतंय आता?"

"मी आहे ना."

परवा मोठ्या पाइपाखाली थांबलो. त्यांच्यासारखी मान तिरकी केली. बराच वेळ उभा राहिलो. मला मशिनींशिवाय काहीच ऐकू आलं नाही.