दसऱ्याला झोपलेला डबा

त्या दिवशी सकाळपासून म्हैसूरवर ढगांचं झाकण होतं. वारा नाही, पान हलत नाही. उगादीचा पाडवा होऊन गेलेला. इतर वेळी असं आभाळ दिसलं की मी खुश होतो. त्या दिवशी मात्र म्हणत होतो, बाबा, आज तेवढा पडू नकोस!

का, ते सांगतो. पण आमच्या शेडमधले किस्से म्हणजे बादलीतले पिळलेले कपडे. एक ओढला की त्याला गुंडाळलेले चार बाहेर येतात. तेव्हा आधी ते घ्या.

शेड म्हैसूरजवळ कडकोळला. माणसं तीन: मालक श्रीपाद, इंजिनियर काव्या आणि सोल्डरिंग करणारा मी, काव्याच्या भाषेत अज्जा, म्हणजे आजोबा. आम्ही एक डबा बनवत होतो. तो शेतात ठेवायचा. कालव्याचं पाणी येऊन त्याच्या दोन तारा भिजल्या, की फोनवर मेसेज! आत नखाएवढी चिप आणि दोन पेन्सिल सेल. सेल टिकायचे तर चिपनं पाणी येईपर्यंत झोपायचं, आणि पाणी आलं की ताबडतोब उठायचं. एवढंच काम. त्यात आमचं दीड वर्ष गेलं.

* * *

पहिल्यांदा चिप झोपली तेव्हा काव्या टाळ्या पिटायला लागली. मी बघतो तर दिवा नाही, आवाज नाही.

"ही मेली की झोपली गं?"

तिनं विजेचा मीटर दाखवला. "अज्जा, मेलेली काहीच खात नाही. ही बघा, किंचित खातेय."

"म्हणजे आपल्या श्रीपादसारखी. झोपेतही खाते!"

आतून आवाज आला, "मामा, मी जागा आहे!"

* * *

श्रीपादची हौस, डब्यावर हिरवा दिवा पाहिजे. गिऱ्हाइकाला दिसायला नको? लावला. चार दिवसांत सेल खलास! चिप बिचारी गाढ झोपलेली, सगळं दिवाच खात होता. मी दिव्याचे पाय कापले.

"मामा! आता डबा चालू आहे हे कळणार कसं?"

"तू झोपलास की तुझी बायको तोंडावर टॉर्च मारून बघते काय?"

* * *

एकदा चिप झोपली ती झोपलीच. तारा पाण्यात बुडवल्या, नाही. कॉम्प्युटरनं बोलावलं, नाही. दोन दिवस काव्याचा चेहरा एवढासा. तिसऱ्या दिवशी तिनंच कपाळावर हात मारला. कशानं उठायचं, हे चिपला झोपायच्या आधी सांगायचं असतं. ती ओळ तिनं झोपायच्या हुकमाच्या खाली लिहिली होती!

मी म्हटलं, "म्हणजे आधी थोपटून झोपवलंस, आणि मग कानात सांगितलंस, सहाला ऊठ!"

"अय्यो अज्जा, साकु! पुरे!"

* * *

मग उलटा त्रास. तारा कोरड्या ठणठणीत, तरी चिप दिवसातून दोनदा उठायची. साडेदहाला आणि चारला. काव्या वेळा लिहून लिहून दमली. शेवटी लक्षात आलं, मी कापी, म्हणजे कॉफी, घेऊन येतो तेव्हाच!

"वास येतो तिला," श्रीपाद म्हणाला. "म्हैसूरची आहे!"

चिपला जागं करणारा एक पाय, म्हणजे पिन, कुठंच न जोडता मोकळा राहिला होता. कप ठेवताना माझा हात जवळ गेला की चिपला वाटायचं, कुणीतरी हाक मारली. मी तो पाय सोल्डरनं जोडून टाकला. कापी चालू ठेवली.

* * *

दसऱ्याच्या आयुधपूजेला आम्ही मीटर, पकडी, सोल्डरिंगचं सामान सगळं मांडतो. त्या वर्षी तयार झालेले दहा डबेही मांडले. मी भक्तिभावानं प्रत्येकाला ओलं कुंकू लावलं. भरपूर, आणि नेमकं दोन तारांच्या मध्ये! श्रीपाद आरती ओवाळतोय आणि खिशात फोन सुरू. टिंग! टिंग! टिंग! पाणी आलं, पाणी आलं, पाणी आलं...

काव्या हसत हसत खालीच बसली. "अज्जा, दहाच्या दहा उठले! टेस्ट पास!"

* * *

त्यातलाच एक डबा, कुंकू पुसून, बन्नूरला गेला. जवरप्पाच्या उसात. जवरप्पा म्हणजे माझा शेजारी, भिंतीला भिंत; मला 'रायरे', म्हणजे राव, म्हणतो. पाण्याची पाळी आली की तो बसनं बन्नूरला जायचा आणि बांधावर जागत बसायचा. पाणी चार दिवसांत कधीही येतं. डुलकी लागली तर ते दुसऱ्याच्या शेतात.

ऊसवाल्यांचा एक गट आमचे डबे घेणार होता. अट एकच: दसऱ्याला घातलेल्याच सेलवर उन्हाळ्याच्या पाळीला डबा उठला पाहिजे. नाही उठला तर श्रीपाद शेडला कुलूप लावणार होता. आणि मी जवरप्पाला सांगून बसलो होतो, "या पाळीला जाऊ नका. घरी राहा. डबा उठला की तुमचा जावई पाणी वळवेल."

"रायरे, कालवा बंद होता ते सहा महिने मेल्यासारखा पडलाय तो. माझा ऊस वाळला तर?"

"मेला नाही. झोपलाय."

तीन दिवस गेले. जवरप्पा घरी होता, पण जागाच! चौथा दिवस तो ढगाळ. पाऊस आला असता तर तारा पावसानंच भिजल्या असत्या, मग आमचं कोण ऐकणार? दुपारचे बारा. गटाची दोन माणसं शेडमध्ये, टेबलावर फोन, कापीला कुणी हात लावेना.

टिंग!

श्रीपादनं दारातून हात बाहेर काढला. थेंब नाही. त्यानं जवरप्पाच्या बन्नूरच्या जावयाला फोन लावला. तो शेताकडं पळाला आणि धापा टाकत ओरडला, "नीरु बंतु! पाणी! बांधाला लागलंय!"

काव्यानं माझे दोन्ही हात धरून मला नाचवलं. गटाचा माणूस कापीचा कप उचलत म्हणाला, "कधीपर्यंत देता डबे?"

मी बाहेर येऊन जवरप्पाला फोन केला. "पाणी आलं! जावई पाणी वळवतोय. कुठं जाऊ नका!"

 पलीकडून एक लांबलचक जांभई.

"उठला काय तो? मग आता मी झोपतो, रायरे."