सावलीने मोजलेली उंची

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही—पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण माझ्याविषयी जे छापून आले आहे ते मला सहन होत नाही.

माझे जुने विद्यार्थी शाळेच्या स्मरणिकेत लिहितात की, एकोणीसशे तीसच्या सुमारास, रत्नागिरीजवळच्या आमच्या शाळेत, मी लहान मुलांना सावलीवरून उंची मोजायला शिकवी. केवढी ही कल्पकता! साफ चूक. उंची ताडून पाहायची तर दोन मुले पाठीला पाठ लावून उभी करावी लागतात. वर्गात भागी होती—महारवाड्यातून येणारी, दाराशी वेगळी बसणारी. तिच्या पाठीला कुणाची पाठ लावणार? मी पालकांना भ्यालो—आणि अंगणात सावल्या मोजू लागलो. कल्पकता म्हणतात ती एवढीच.

एकदा मी जाहीर केले, बागाईतदारांची इंदू सर्वांत उंच. भागी फटकन म्हणाली, "गुर्जी, ती उतारावर उबी हाय. सावली खाली घसारली, मंग लांबनार नाय तं काय?" मुले खो खो हसली. इंदू चिडली, तरातरा गेली आणि स्वतःच भागीच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. "आता सांगा, गुरुजी!"

मी काय केले? सुट्टीची घंटा दिली.

संध्याकाळी इंदूचे वडील आले. "मास्तर, कोण कुणाला शिवलं?" मी म्हणालो—भागीच धावत येऊन चिकटली. "मग उद्यापासून येऊ नको म्हणावं तिला." तो निरोप तिच्या आईला मीच दिला. "माजी पोर तसं करनारी नाय, गुर्जी," एवढेच ती बोलली. भागी पुन्हा शाळेत आली नाही.

पुढे तीस वर्षे मी मापन शिकवले. दोन काड्या ताडून पाहण्याआधी त्यांची टोके भिंतीला टेकवा, दोन मुले ताडून पाहण्याआधी जमीन सपाट आहे का बघा—हे मला ट्रेनिंग कॉलेजाने शिकवले, असे कुणी म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. ते मला आठ वर्षांच्या भागीने शिकवले. माझ्या हाताखालून गेलेले सुतार, ओव्हरसियर आजही वाकून नमस्कार करतात, आणि प्रत्येक वेळी माझे मन कृतज्ञतेने तिच्याकडे जाते. माझ्याजवळ शिकवण्यासारखे जे होते ते तिचे होते. तिला मी काय दिले?

त्या दुपारी भागी दोन बोटे उंच भरली होती. मी ते नीट पाहिले होते.