कोरी ठेवलेली घरं

आमचे हे रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, समजावून सांगतात, आणि मी चहा गाळता गाळता नुसतं हं हं म्हणते. आज मात्र त्यांनी पेन्सिल माझ्याच हातात दिली.

"सूचना सरळ वाचायची नाही. ती आपल्याला फसवायला बसलेली असते."

"अहो, मी चौथी शिकलेली. आणि आजच का?"

"सहज गं."

परवा ते दवाखान्यात एकटेच जाऊन आले. काल मला बँकेत सही कुठे करायची ते दाखवलं, तेही सहजच. त्यांचं हे सहज आता मला सरळ वाचता येत नाही.

शेवटचा शब्द मला सुचला होता. तरी ती घरं मी कोरीच ठेवली.

"हे नाही जमत," मी म्हटलं, "उद्या तुम्हीच सांगा."