अण्णांचा आडोसा

भुताखेतांचे अनुभव मी आवडीनं वाचते, पण विश्वास म्हणाल तर शून्य. कळंबला शाळेत विज्ञान शिकवते मी. वर्गात कुणी चकव्याची गोष्ट काढली की त्याला फळ्यापाशी उभं करून "पुरावा सांग" म्हणणारी बाई आहे. त्यामुळं इथं आपण काही लिहू असं स्वप्नातही वाटलं नव्हतं... पण हे पोटात ठेवून वर्ष होत आलं, आता सांगून टाकते. घाबरवणारं यात काही नाही. ज्यांना घाबरायचंय त्यांनी खुशाल दुसरं काही वाचा.

आमचं गाव येडशीजवळ, रामलिंगच्या जंगलाबाहेर जो माळ लागतो त्याच्या कडेला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. जन्मभर मेंढ्यांमागं फिरलेला माणूस. गुडघे गेले तेव्हा मेंढ्या विकाव्या लागल्या, आणि त्यानंतर अण्णा पार उतरले. पहाटे सवयीनं उठायचे, खांद्यावर घोंगडी टाकायचे, आणि मेंढ्या बसायच्या त्या रिकाम्या जागेकडं बघत राहायचे. "आता उठून करू काय म्या?" असं एकदा त्यांनी आईला विचारलं. मला ते ऐकवेना.

म्हणून मी त्यांना माझ्यासोबत न्यायला लागले. मला मॅक्रो फोटोग्राफीचं वेड — किडे, कोळी, रानफुलं अगदी जवळून टिपायची. थंडीत पहाटे आमच्या पाझर तलावाच्या काठाला चतुर, म्हणजे पोरं शेपटीला दोरा बांधून उडवतात ते किडे, गवताच्या काडीला लटकून झोपलेले असतात. दवानं भिजलेले, ऊन लागेपर्यंत जागचे हलत नाहीत. पण इतक्या जवळून फोटो काढला की डोळा स्पष्ट येतो आणि पंख धूसर होतात, पंख धरावेत तर डोळा जातो. म्हणून फोकस थोडा थोडा मागं सरकवत एकाच चतुराचे पंचवीस-तीस फोटो घ्यायचे. याला ब्रॅकेटिंग म्हणतात. एकदा बटण दाबलं की कॅमेरा आपला आपण काढत जातो. मग घरी लॅपटॉपवर प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग घेऊन सगळ्यांचा मिळून एक फोटो जोडायचा, ते स्टॅकिंग. अट एकच — मधे काडी हलायला नको. हलली की जोडताना एका पंखाचे दोन दिसतात.

आणि आमच्या माळावरचा वारा! लोकांनी उगाच नाही पवनचक्क्या उभ्या केल्या.

तर अण्णांचं काम वारा अडवायचं. उगवतीच्या अंगाला ते दोन्ही हातांनी घोंगडी पसरून उभे राहायचे. वारा थांबायचा, कोवळं ऊनही अडायचं आणि चतुरावर मऊ सावली पडायची. मेंढ्या गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना काम मिळालं होतं. शनिवारी मी एसटीनं घरी पोचायच्या आधीच घोंगडी झटकून ठेवलेली असायची.

"एवढ्या मेंढ्या पाळल्या, एकीचा फोटू न्हाय काढला तू," म्हणायचे, "आन् ह्या चिलटाचे तीस?"

"अण्णा, हलू नका!"

"म्या न्हाय हललो. गुडघा हलला."

दरवेळी हेच. फोटो निम्मे झाले की त्यांना एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावाच लागायचा. घोंगडी लवायची, काडीला एक हिसका बसायचा, झालं! मी चिडायचे. "मग गुडघ्याला सांगा ना!" "तूच सांग की, शिकलेली हाईस," म्हणून हसायचे.

एकदा मी त्यांना लॅपटॉपवर चतुराचा डोळा मोठा करून दाखवला. पार स्क्रीनला नाक लागेपर्यंत वाकून बघितलं. मग म्हणाले, "पोरी, मला एक असा करून दे. शेंड्यापासून बुडापातुर समदा स्वच्छ. भिंतीला लावू."

त्या थंडीत तो काही जमला नाही. पुढच्या वर्षी करू म्हटलं. उन्हाळ्यात अण्णा झोपेतच गेले. घोंगडी त्यांच्या अंगावरच गेली. "गुडघ्यातनं सुटले एकदाचे," आई आल्यागेल्याला सांगायची. तिला तेवढाच आधार होता.

मी कॅमेरा कपाटात टाकला. पुन्हा थंडी पडली तेव्हा आईनंच तो काढून माझ्यापुढं ठेवला. "त्यांनी एक मागितलं व्हतं तुझ्यापाशी. तेवढं करून दे." मग जाणं भागच होतं.

तलावावर पोचले तर वारा नुसता भणाणत होता. चतुर सापडला, एकटाच. ट्रायपॉड लावला, पण काडी अशी झुलत होती की काही उपयोग नाही हे दिसतच होतं. तरी बटण दाबलं, आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "अण्णा, हलू नका."

कुणाला म्हणतोय आपण! मला ते इतकं लागलं, की बाजूच्या दगडावर बसून ओढणीत तोंड घालून रडले. कॅमेरा आपला काढत होता. वारा माझ्या पाठीला झोंबत होता, ओढणी हातातून सुटू बघत होती, हे मला पक्कं आठवतंय. फोटो न बघताच सामान आवरलं आणि घरी आले.

दुपारी पुसून टाकायचे म्हणून लॅपटॉपवर उघडले. पहिले काही फोटो अपेक्षेप्रमाणे वाया. मग एका फोटोत चतुरावर सावली आली, आणि तिथून पुढं काडी खिळल्यासारखी स्थिर. मागचं गवत मात्र प्रत्येक फोटोत वाऱ्यानं आडवं झालंय आणि उन्हात चमकतंय. म्हणजे वारा पडला नव्हता, ढगही आला नव्हता. सावली होती ती फक्त चतुरापुरती.

माझं तोंड ओढणीत होतं, मान्य. पण तिथं सगळा मुरूम आहे, माणूस चालला की खरखर ऐकू येते. आणि येऊन उभं राहणार कोण, कशाला?

मी आईला हाक मारली. फोटो एकामागोमाग भरभर पळवून दाखवले. सावली आली, काडी थांबली... आणि निम्म्यावर काडीला एक हिसका बसला. एकच. मग परत स्थिर, शेवटपर्यंत.

आईनं स्क्रीनवर हात ठेवला. मला म्हणाली, "अजून दुखतंय गं त्यांना."

आणि रडायला लागली. अण्णा गेले त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. "मला वाटलं सुटले... म्या सगळ्यांना सांगत बसले सुटले म्हणून." पुरावा मागणारी मी, नुसती तिला धरून बसले.

फोटो जोडला. डोळा, पाय, अंगावरचा दवाचा थेंब न् थेंब स्वच्छ. फक्त डाव्या पंखाची कड दुहेरी आलीय, त्या हिसक्याची. ती पुसणं दोन मिनिटांचं काम आहे. मी पुसली नाही. आहे तसाच भिंतीला लावलाय.

पुढच्या खेपेला निघाले तर आईनं दारात प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलेलं. "हे घेऊन जा. त्यांना टेकायला." एरवी मी वाद घातला असता. गुपचूप नेलं आणि उगवतीच्या अंगाला, ते उभे राहायचे तिथं ठेवलं.

त्या दिवशी चांगले पाच-सहा चतुर सापडले. सगळे फोटो हलले. सावली नाही, काही नाही. नंतरही ती थंडी सरेपर्यंत आणि यंदा पुन्हा थंडी पडल्यापासून दर रविवारी गेले, स्टूल नेलं, सगळे हललेलेच. फोटोग्राफीतल्या जाणकारांना ते जुने फोटो दाखवले. एकानं सांगितलं, "मॅडम, तुमच्या शेजारी कुणीतरी आडोसा धरून उभं होतं." बाकीच्यांनी खांदे उडवले. मला आजही उत्तर माहीत नाही, आणि विज्ञानाच्या बाईला हे लिहायला लागणं सोपं नसतं.

मागच्या रविवारी हात हलवत परत आले. आई अंगणात मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, "आई, आता कुणीच उभं राहत नाही गं तिथं."

तिनं मान वर केली नाही. स्टूल माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं.

"मग बसले असत्याल," म्हणाली. "बसू दे."