गतिरोधकाजवळचा मेकॅनिक

यावल रस्त्यावर गतिरोधकाला लागूनच त्याचं गॅरेज आहे. मी त्याला एकदाच भेटलो, मेहुण्याच्या पिकअपमुळे. नाल्यातून केळीच्या मळ्यापर्यंत जाता यावं म्हणून मेहुण्याने गाडी उंच करून घेतली होती. आता पुढची चाकं प्रत्येक खड्ड्यात करकरत होती. दोष उंचीचा निघाला, तर गाडी खाली आणावी लागेल आणि घड डोक्यावरून नाल्यापार न्यावे लागतील, ही मेहुण्याची धास्ती.

मेकॅनिकने पान्याला हात लावला नाही. मेहुण्याला बंपरवर चढून झुलायला लावलं आणि स्वतः साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन खाली सरकला. एकेका जोडावर पाणी टाकून तो ऐके. एका जोडातल्या रबरी बुशवर पाणी पडलं आणि करकर थांबली.

"गाडी कशानं धुतस, भाऊ?"

"डिझेलने. केळीचा चीक दुसऱ्या कशाने निघत नाही."

"चीक निघस, पण रबर बी खाई जास. बैलले डिझेलनं धुतस का तुम्ही?"

मेहुणा हसला. "आणि उंची?"

"उंचीना काही दोष नही शे."

दोन्ही बाजूंचे बुश बदलून झाल्यावर त्याने आम्हाला निघायला सांगितलं आणि गाडीकडे न बघता नळाशी हात धुवायला बसला. गाडी गतिरोधकावरून गेली, काहीच वाजलं नाही. मी आरशात पाहिलं. त्याचे हात नळाखाली थांबले होते; तो ऐकत होता. मग त्याने मान डोलावली आणि पुन्हा साबण घेतला.