उसने डोळे

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत पेंटर आणि त्याची बायको राहत. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांची मेलेली माणसं, मागच्या खोलीत त्याची स्वतःची चित्रं. खालचा टायरवाला रोज सकाळी वर तोंड करून ओरडायचा, "काय पेंटर, आज कुणाला जिवंत केलं?"

धंदाच तसा होता. घरातलं कुणी गेलं की लोक फोटो घेऊन येत आणि पेंटर त्यावरून मोठं तैलचित्र करून देई. पुष्कळदा जिवंतपणीचा धड फोटोच नसे. असलाच तर मेल्यावर घाईघाईनं काढलेला. मग डोळे उघडावे लागत. 'डोळे उघडणं' हा त्या धंद्यातला शब्द, आणि त्याची रीत ठरलेली. रक्ताच्या नात्यातल्या कुणाला तरी समोर बसवायचं, त्याचे डोळे उसने घ्यायचे आणि निववून रंगवायचे. निववायचे म्हणजे त्यांतला राग, हाव, कंटाळा सगळं काढून टाकायचं. गिऱ्हाईक नाक सरळ करा म्हणालं की नाक सरळ, रंग उजळ करा म्हणालं की रंग उजळ. पेंटर मान डोलवी. घर त्या मान डोलावण्यावर चाले.

मागच्या खोलीत मात्र तो कुणाचं ऐकत नसे. तिथं नुसत्या मारामाऱ्या होत्या. बाजारात एकमेकांच्या उरावर बसलेले हमाल, एकमेकांचे कान फाडणारे कुत्रे, आणि पट्टा उगारलेला एक हात, पुन्हा पुन्हा. तो हात त्याच्या बापाचा. पोरानं कोळशानं भिंत काळी केली म्हणून बापानं त्याची करंगळी मोडली होती, ती वाकडीच राहिली. तेव्हापासून पेंटरचा जीव उजव्या हातात. जड उचलायचं नाही, चिरायचं नाही, दारसुद्धा डाव्या हातानं लावायचं. बायको शिवणाचं मशीन चालवता चालवता म्हणे, "माझ्याऐवजी त्या हाताशीच लग्न लावायचं होतंत."

ती चित्रं कुणी घेत नसे. एक बाई बराच वेळ बघून म्हणाल्या होत्या, "छान आहे हो, पण जेवताना समोर एवढं रक्त?"

एकदा ट्रकच्या धंद्यातला एक माणूस आला. त्याचा थोरला भाऊ जिन्यावरून पडून गेला होता. थोरल्याला कॅमेऱ्याचं वावडं, त्यामुळे फोटो एकच, मिटल्या डोळ्यांचा. चित्र आईला हवं होतं.

"रक्ताचं कोण बसेल?" पेंटरनं विचारलं.

"मीच. आईचे डोळे रडून रडून सुजलेत."

धाकटा स्टुलावर बसला, पण त्याचा पाय काही थांबेना.

"पापणी हलवू नका, शेठ."

"पापणी आहे, हलणारच. आटपा लवकर, गाड्या खोळंबल्यात."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणी ड्रायव्हर उलटं बोलला असावा. धाकटा एकदम गप्प झाला आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी स्थिर झालं. पेंटरला ते ओळखीचं होतं. हात उगारायच्या आधी माणूस असा बघतो. पेंटरचा ब्रश चालत सुटला तो सुटलाच. आपण कुठल्या खोलीत आहोत हेच तो विसरला.

रंग वाळायला लागल्यावर त्याला चूक कळली. डोळे निववायचे राहिले होते. पण पुढच्या खोलीत इतकं खरं त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. त्याला ब्रश लाववेना. "बघू उद्या," असं म्हणत तो रोज कापड झाकून ठेवी. आणि एका दुपारी धाकटा आईला घेऊन न सांगता हजर झाला.

म्हातारीनंच कापड ओढलं.

"हे थोरल्याचे डोळे नाहीत."

"उसने आहेत, आई. यांचे घेतलेत."

तिचं पेंटरकडे लक्षच नव्हतं. "हेच ते," ती चित्राशीच बोलली. "जिन्यात हेच बघितले मी. त्याला ढकलताना."

खाली टायर ठोकल्याचा आवाज येत होता, तेवढाच.

"तू बघितलंस?" धाकटा म्हणाला.

"स्वयंपाकघराच्या दारात होते मी."

"मग इतके दिवस गप्प का राहिलीस?"

"एक गेला होता. दुसरा कशाला घालवू?"

धाकटा पेंटरकडे वळला. "बदल ते डोळे. आत्ता. माझ्यासमोर."

पेंटरनं सवयीनं मान डोलवली. ब्रशही उचलला. चार फटकाऱ्यांचं काम होतं. मग त्यानं चित्राकडे पाहिलं आणि त्याचा हात तसाच राहिला.

"शेठ," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला परका वाटला, "हे निवायचे नाहीत."

चौकटी ठोकायची हातोडी टेबलावरच होती. पहिला घाव चित्रावर बसला, थोरल्याचा चेहरा मधोमध फाटला. मग धाकटा मागच्या खोलीत घुसला. हमाल, कुत्रे, बापाचा हात, जे सापडेल ते त्यानं फाडलं, लाथांनी तुडवलं. पेंटर आडवा गेला तेव्हा त्यानं त्याचा उजवा हात खिडकीच्या कट्ट्यावर दाबला आणि हातोडी घातली. एकदा. पुन्हा एकदा. हाड मोडल्याचा आवाज पेंटरला लहानपणापासून पाठ होता.

बायको कापड बेतायची कात्री घेऊन धावली आणि तिनं ती धाकट्याच्या दंडात खुपसली. "सोड त्यांना, मुडद्या! सोड!" त्यानं तिला भिंतीवर फेकलं, पण तोवर टायरवाला पहार घेऊन वर आला होता. त्यानं ती धाकट्याच्या गुडघ्यावर हाणली. फरशीवर लाल रंग सांडलेला होता आणि रक्तही, कुठलं काय ते पुसतानाही कळेना.

म्हातारीनं पोलिसांना सगळं सांगितलं. धाकटा तुरुंगात गेला.

पेंटरची बोटं जुळली, पण ताठ. बारीक ब्रश त्यांत राहीना. पापण्यांचे केस, ओठांची कड, सगळं गेलं, आणि त्याबरोबर धंदाही. जाड ब्रश मुठीत धरता येई, तेवढा मागच्या खोलीला पुरत होता. बायकोनं शिवणाची जास्तीची कामं धरली. "आता तरी दार उजव्या हातानं लावत जा," ती म्हणाली, आणि मशीनवर मान खाली घालून रडली.

काही महिन्यांनी म्हातारी जिना चढून आली. पेंटर ओशाळला.

"आई, तो चेहरा आता माझ्या हातून व्हायचा नाही."

"चेहरा नको," ती स्टुलावर बसत म्हणाली. "दोघांना काढ. जिन्यात. होतं तसं."

"तुम्हाला बघवेल?"

"डोळे मिटले तरी तेच दिसतं. मग उघड्यांनी बघते."

पेंटरनं भिंतीला मोठं कापड लावलं. कोळसा मुठीत धरून जिन्याच्या पायऱ्या ओढल्या. धाकटा वर, थोरला खाली, म्हातारी सांगत गेली.

"आणि आधी हात कुणी उचलला?"

म्हातारीचं बोट खालच्या पायरीवर गेलं.

"थोरल्यानं," ती म्हणाली. "हे मला कुणी विचारलंच नाही."

पेंटरनं वरच्या पायरीवरच्या माणसाचा उगारलेला हात पुसला आणि खालच्याचा उगारला.